मीटर कुणाच्या नावावर?

वायरमनचा परवाना मिळाल्यापासून माझं बहुतेक काम जुहू आणि आसपासच्या पट्ट्यात झालं. जेव्हीपीडीतले बंगले, जुहू गल्लीतली दुकानं, नेहरू नगर, इंदिरा नगर, मोरागाव, कोळीवाडा. सकाळी एखाद्या दिवाणखान्यातलं झुंबर उतरवायचं आणि दुपारी दहा बाय दहाच्या खोलीत पंख्याचा कंडेन्सर बदलायचा. पिशवी तीच, टेस्टर तोच. आता गुडघे शिडीवर चढू देत नाहीत, त्यामुळे हल्ली मी तारांपेक्षा अर्जच जास्त हाताळतो. कुणाचा मीटर अडला, कुणाचं बिल फुगलं, की बायका कागदांची पिशवी घेऊन दाराशी येतात.

मध्यंतरी एका बैठकीला बोलावणं आलं. विषय होता ऊर्जा दारिद्र्य. पडद्यावर रॉकेलची चिमणी, ओली लाकडं फुंकणारी बाई, डोंगरातला पाडा. मी म्हटलं, साहेब, यातलं काहीच आमच्याकडे दिसणार नाही. आमच्याकडे तार प्रत्येक गल्लीत आहे, टीव्ही प्रत्येक खोलीत आहे, आणि तरी विजेपायी माणसं गांजलेली आहेत. त्या दिवशी तुटक तुटक जे बोललो ते इथे जरा नीट मांडतो. धोरण आखणाऱ्यांनी वाचलं तर उत्तमच. नाही वाचलं तरी एखाद्या भाडेकरूच्या उपयोगी पडेल.

१. तार पोचली की वीज पोचली, असं धरून चालू नये.

सरकारी मोजणीत २००४ पासून एक व्याख्या चालत आली. गावातल्या १० टक्के घरांत आणि शाळा-दवाखान्यासारख्या ठिकाणी वीज आली की गावाचं विद्युतीकरण झालं. त्या हिशेबाने २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लैसांगला देशातलं शेवटचं गाव उजळलं. सौभाग्य योजनेने २०१७ साली मोजणी गावावरून घरावर आणली, शहरातली गरीब घरंही तिच्यात घेतली, हे चांगलंच झालं. पण मुंबईच्या उपनगरात वीज कंपनी १९२९ पासून आहे. बीएसईएस गेली, रिलायन्स आली, २०१८ साली अदानी आली, शेजारी टाटा पॉवर आहेच. म्हाताऱ्या बायका मात्र अजूनही ‘बीएसईएसचं बिल आलं का’ असंच विचारतात. अशा मुलखात ‘जोडणी आहे का’ हा प्रश्न विचारून काय हाती लागणार?

खोलीत शिरल्यावर माझी नजर दुसरीकडे जाते. मीटर आहे की भिंतीतून नुसती वायर आत आलीय? मीटर असेल तर बिलावर नाव कुणाचं? पंखा रात्रभर चालतो की बिलाच्या भीतीने बारा वाजता बंद होतो? पत्र्याला हात लावला तर मुंग्या येतात का? एवढ्यावरून मला त्या घराची परिस्थिती कळते. जनगणनेच्या रकान्यात मात्र ते घर ‘वीज: आहे’.

२. भाडेकरूला मीटर का मिळत नाही, याचं उत्तर विजेच्या कायद्यात शोधू नये.

विजेचा कायदा चांगला आहे, हे मी अनुभवाने सांगतो. २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम ४३ म्हणतं की जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याने अर्ज केला, तर महिन्याच्या आत पुरवठा द्या. पुढे २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी महानगरांत ही मुदत ७ दिवसांवर आणली आणि २०२४ मध्ये ती ३ दिवसांची झाली. कागदावर तरी भाडेकरूला मालकाच्या दारात उभं राहायची गरज नाही.

प्रत्यक्षात तो पहिल्या पायरीवर अडतो. राहत असल्याचा पुरावा काय? भाडेकरार नोंदवलेला नसतो, पावती मिळत नाही, रेशनकार्ड गावचं असतं. मग मालकाचं ना हरकत पत्र आणा. ते मालक देत नाही.

मला वाटायचं, मालक पैशासाठी अडवतो. थोडंफार तेही असतं. पण एका खोलीमालकाने मला जे सांगितलं त्याने माझा सगळा विचार बदलला. माणूस वाईट नव्हता. भाडं दोन दोन महिने थांबवून घेणारा, भाडेकरणीच्या पोराला शाळेत घालायला स्वतः गेलेला. म्हणाला, “मास्तर, मीटर लावून द्यायला मला काय जातंय? पण उद्या बिल्डिंग आली, सर्व्हेवाले आले, की ही बाई बिल घेऊन पुढे उभी राहील. मग मी कुठे जाऊ?”

त्याची भीती खोटी नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की झोपडीत प्रत्यक्ष राहणाराच नव्या घराला पात्र. स्वतःला मालक म्हणवणारा पण तिथे न राहणारा माणूस, मतदारयादीत नाव असलं तरी पात्र नाही. नियम भाडेकरूच्या बाजूने केलेला. त्याचा परिणाम उलटा झाला. १९७६ साली झोपड्यांची गणती होऊन फोटोपास निघाले तेव्हापासून या शहरात कागद म्हणजेच छप्पर. मग १ जानेवारी १९९५ ची मर्यादा आली, नंतर १ जानेवारी २००० ची, पुढे पैसे भरून घर घेणाऱ्यांसाठी २०११ ची. या प्रत्येक तारखेला विजेचं बिल पुरावा म्हणून समोर ठेवलं गेलं. बिल हा राहत्या जागेचा दाखला होऊन बसला, म्हणूनच ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज त्याच्या हाती तो पडू नये याची तजवीज आपोआप झाली. कुणी कट केला नाही. दोन चांगले नियम एकमेकांच्या वाटेत आले, एवढंच.

पाण्याच्या बाबतीत ही गाठ थोडी तरी सुटली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पुढे २०२२ साली महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणलं. घराचा हक्क वेगळा, पाण्याचा वेगळा, असा तो विचार. विजेलाही तोच लावावा. भाडेकरूच्या मीटरचं बिल पुनर्वसनाच्या पात्रतेत धरलं जाणार नाही, असं एका ओळीचं परिपत्रक निघालं तरी निम्मे मालक दुसऱ्या दिवशी ना हरकत देतील. भाडेकरूचं यात नुकसान होतं, असं माझे काही मित्र म्हणतात. घराचा दावा सोडून मीटर घ्यायचा का? त्यांचं म्हणणं मला पटतं. पण वीस वर्षांनी येणाऱ्या इमारतीसाठी आज मुलांनी वायरच्या जोडाखाली झोपावं, हे मला त्याहून कमी पटतं. दाव्यासाठी दुसरा पुरावा काढा. शाळेचा दाखला आहे, लसीकरणाचं कार्ड आहे, बँकेचं पासबुक आहे.

३. स्लॅबचा दर गरिबाला स्वस्त पडतो, पण मीटर त्याचा एकट्याचा असेल तरच.

आपल्याकडे घरगुती विजेचे टप्पे असे: पहिली १०० युनिटं सगळ्यांत स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, त्यापुढे सगळ्यांत महाग. विचार न्याय्य आहे. एसीवाल्याने जास्त द्यावं, पंखेवाल्याने कमी.

आता एका मीटरवर पाच खोल्या धरा. प्रत्येक खोलीत महिन्याला ९० युनिटं. पाचही जण खरं तर पहिल्या टप्प्यातले. पण मीटरला पाच घरं दिसत नाहीत, त्याला एकच घर दिसतं, ४५० युनिटं जाळणारं. त्यातली १०० स्वस्त दराने, २०० दुसऱ्या दराने, १५० तिसऱ्या दराने. म्हणजे पाच पंखेवाले मिळून एक एसीवाला झाले. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि राज्याचं १६ टक्के वीज शुल्क. शुल्क टक्क्यांत असल्याने चढ्या दरावर तेही चढतं.

मालक हे सगळं सब-मीटरवर वाटतो. बाजारातून आणलेला सब-मीटर कुणी तपासत नाही. कंपनीचा मीटर पळतो असं वाटलं तर तो प्रयोगशाळेत पाठवता येतो. सब-मीटरला प्रयोगशाळा नाही. नेहरू नगरातल्या एका मावशींनी मला त्यांची वही दाखवली होती. मुलीची जुनी गणिताची वही. मागच्या पानापासून सुरुवात, दर महिन्याच्या ५ तारखेचं रीडिंग, शेजारी दिलेले पैसे, त्याशेजारी पेन्सिलीने भागाकार. एका महिन्यात युनिटचा भाव साडेनऊ, दुसऱ्यात अकरा, मे महिन्यात बारावर. “मे महिन्यात युनिट महाग होतं का हो?” असं त्यांनी विचारलं. युनिट महाग होत नव्हतं, त्या सामाईक मीटरचा टप्पा वर सरकत होता. मावशी सातवी शिकलेल्या. पण त्यांच्या त्या आकडेमोडीत जे दिसलं ते मी कुठल्या सर्वेक्षणात पाहिलं नाही, कारण सर्वेक्षणं बिलावरून होतात आणि मावशींना बिल येतच नाही.

४. धोरण ठरवण्याआधी एक पंखा मोजून बघावा.

साधा पंखा ७५ वॅटचा. १२ तास चालला तर दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला २७. आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरगुती ग्राहकांसाठी जो वेगळा, खास स्वस्त दर आहे त्याची अट वर्षाला ३६० युनिटांची, म्हणजे महिन्याला ३०. वर मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत. बारा तासांचा पंखा आणि एक दिवा, संपली मर्यादा. पत्र्याच्या खोलीत मार्च ते जून पंखा चोवीस तास चालतो. त्याची एकट्याची ५४ युनिटं. आणखी एक मेख आहे: एकदा वर्षाची मर्यादा ओलांडून ग्राहक सर्वसाधारण वर्गात गेला की परत या वर्गात येता येत नाही. एक उन्हाळा, घरात एक आजारी माणूस, आणि सवलत कायमची गेली.

३० युनिटांचा आकडा ज्यांनी घातला त्यांच्या डोळ्यांसमोर दिवा असावा, पंखा नसावा. समुद्रापासून दोन फर्लांगावरच्या दमट हवेत पंखा ही चैन नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. २०२३ पासून पंख्यांना तारांकन सक्तीचं झालं, तरी चांगला पंखा साध्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडतो. एलईडी दिव्यांचं कसं झालं ते आठवा: उजाला योजनेत सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली आणि ३१० रुपयांचा दिवा दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. पंख्यांना तीच युक्ती लागू पडेल. फक्त ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांना वगळू नका, एवढं बघा.

५. आकडा टाकणारा फुकट वीज वापरतो, हा बाहेरच्यांचा समज आहे.

वस्तीत चोरीची वीज फुकट मिळत नाही. ती विकत मिळते, आणि पॉइंटाच्या हिशेबाने मिळते. दिव्याचे इतके, पंख्याचे तितके, टीव्हीचे वेगळे, फ्रिज असेल तर मोठा आकडा. कुणीतरी एक जण खांबावरून घेतो आणि चाळीस घरांना वाटतो. महिन्याच्या १ तारखेला वसुली, उधारी नाही, पावती नाही. वीज कमी जाळली म्हणून पैसे कमी होत नाहीत, तेव्हा बीएलडीसी पंखा कशाला कोण घेईल? धाड पडते तेव्हा वीजचोरीचं कलम १३५ लागतं ते खोलीत राहणाऱ्याला. विकणारा त्या वेळी चहा प्यायला गेलेला असतो.

त्यापेक्षा वाईट म्हणजे जीव जातो. पत्र्याची भिंत, लोखंडी शिडी, अर्थिंगचा पत्ता नाही, टेप मारलेले जोड, आणि वरून पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. तेव्हापासून मी जुहूच्या सखल गल्ल्यांत मीटर बोर्ड डोक्याच्या वर लावत आलो, गिऱ्हाईक कितीही म्हणालं की रीडिंग दिसत नाही. आणि प्रत्येक खोलीत गळतीला तुटणारा ब्रेकर, ३० मिलिअँपिअरचा, बसवायचा आग्रह धरतो. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. २०१० च्या केंद्रीय सुरक्षा नियमांत तो बंधनकारक झाला, पण छोट्या घरगुती भाराला त्यातून सूट. म्हणजे जिथे भिंतीच पत्र्याच्या, तिथेच नियम सुटतो! मला एका गोष्टीसाठी सरकारी पैसा मागायला सांगितलं तर मी सोलर आधी मागणार नाही. हा ब्रेकर मागेन.

नियमित जोडणी घ्यायला गेलं की जुनी थकबाकी आडवी येते. आधीचा माणूस बिल बुडवून गेलेला असतो आणि लाखभराचा आकडा नव्याच्या गळ्यात. इथे एक नियम पाठ ठेवावा. राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत, जोडणी वारसाकडे जात नसेल तर नव्या माणसावर जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच थकबाकी टाकता येते. हे वाक्य अर्जात लिहिलं की काउंटरवरचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

६. गॅसचं कनेक्शन आणि चुलीवरचा गॅस, या दोन गोष्टी आहेत.

रॉकेल जवळजवळ गेलं, ते बरं झालं. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, आणि २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं हमीपत्र चालू लागलं. मला तो टप्पा सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. ‘मी इथे राहते’ हे बाईने लिहून दिलं आणि सरकारने ते मानलं. विजेला हे का चालत नाही?

अडचण पुढे आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरचे पैसे एकरकमी लागतात आणि रोजंदारीवाल्याच्या खिशात एकरकमी काही नसतं. ३०० रुपयांची सवलत मागाहून खात्यात येते. म्हणून गल्लीच्या तोंडाशी छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून देणारा बसतो. बेकायदा, धोक्याचा, आणि किलोमागे महाग. पाच किलोची कायदेशीर टाकी मिळते, पण भरायला लांब जावं लागतं. रेशन दुकानातून ती भरून मिळाली तर त्या भरणाऱ्याचा धंदा महिन्यात बसेल.

प्रीपेड वीज मीटरचीही हीच दुधारी गोष्ट. पन्नास-पन्नासचं रिचार्ज रोजंदारीवाल्याला सोयीचं असतं, हे मोबाईलवाल्यांनी दाखवून दिलं. पण आज बिल थकलं तर वीज तोडायला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रिचार्ज संपल्यावर मध्यरात्री जो अंधार होतो त्याची नोटीस कोण देणार? २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं राज्य सरकारने जाहीर केलं, तेव्हा मला हायसं वाटलं. तरी थोड्या थोड्या पैशांनी बिल भरायची सोय हवीच.

७. पुनर्वसनाच्या इमारतीत पहिल्या दिवसापासून पंप आणि लिफ्ट वेगळ्या मीटरवर घ्यावी.

वस्तीतून इमारतीत गेलं की मीटर नावावर होतो. तिथवर सगळे खूश. मग कॉमन मीटरचं बिल येतं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. झोपडीत हा खर्चच नव्हता. बिल्डर सदनिकेमागे जी ठेव भरतो, सुरुवातीच्या नियमांत २० हजार, तिच्या व्याजात हे भागत नाही.

अशाच एका इमारतीत मला सेक्रेटरीने बोलावलं होतं. कॉमन मीटर तोडला होता. लिफ्ट बंद, आणि पंपही त्याच मीटरवर, त्यामुळे सातव्या मजल्यापर्यंत बायका हंडे चढवत होत्या. खाली भांडण जुंपलेलं. तळमजल्यावरचे एक काका ओरडत होते, “लिफ्टमध्ये मी कधी पाय ठेवलाय? मी का भरू?” सेक्रेटरी समजावत होता, “काका, पाणी तर पिता ना?” दोघंही बरोबर होते. जुन्या सोसायट्यांत पंपाचा मीटर वेगळा असायचा, तो याचसाठी. पंपाचं बिल सगळ्यांनी सारखं, लिफ्टचं मजल्याप्रमाणे, असं ठरलं की निम्मी भांडणं मिटतात. त्या इमारतीत मीटर वेगळे करायला मी सांगितलं. पण बांधतानाच केलं असतं तर केबलचा खर्च वाचला असता.

आणि खिडकीचं काय? शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागेल इतकी जवळ, भर दुपारी बारा वाजता खोलीत ट्यूब चालू. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ साली गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनीतल्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास केला, त्यात उजेड-वाऱ्याअभावी क्षयरोगाचा धोका वाढल्याचं आढळलं. विजेच्या बाजूने बघितलं तर त्याच भिंतींनी त्या घरांवर दिवसाचे दिवे-पंखे जन्मभरासाठी लादले. इमारतींमधलं अंतर हा ऊर्जा धोरणाचाच भाग आहे, पण ते ठरवणारं खातं वेगळं.

८. सोलर हवाच, पण आधी छत कुणाचं ते बघावं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरावर ३ किलोवॅटचं पॅनेल लावलं तर ७८ हजारांचं अनुदान. जेव्हीपीडीतल्या बंगल्यांनी लगेच चौकशी सुरू केली. झोपडीच्या पत्र्यावर पॅनेल बसत नाही आणि भाडेकरूचा तर पत्राही नाही. गृहनिर्माण संस्थांना कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार मिळतात. पुनर्वसनाच्या इमारतींनी हे जरूर घ्यावं, लिफ्टचं आणि पंपाचं बिल त्यातून हलकं होईल. उरलेल्यांसाठी दिल्लीचा रस्ता आहे. तिथल्या वीज आयोगाने २०१९ साली सोय केली की पॅनेल एका छतावर आणि त्याच्या विजेची वजावट दुसरीकडच्या घरांच्या बिलात. महापालिकेच्या शाळेचं छत आणि शेजारच्या वस्तीची बिलं अशी जोडता येतील. अर्थात त्यासाठीही वस्तीत बिलं असायला हवीत. फिरून गाडी तिथेच येते.

तोवर पत्र्याला पांढरा परावर्तक रंग मारा. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टने गरीब वस्त्यांत हे करून दाखवलं, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं. पावसाळ्यानंतर रंग उडतो, ऑक्टोबरमध्ये पुन्हा हात मारावा लागतो. तेवढं काम बचतगट करू शकतो.

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये निघाला. त्यात २०१९ सालचं शहराचं उत्सर्जन २३.४२ दशलक्ष टन, आणि त्यातलं ७२ टक्के विजेसारख्या ऊर्जावापरातून. जुहूच्या दिव्यांमागे १९९५ पासून डहाणूचं ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे, त्याची राख-धूर तिकडच्या वाड्या-पाड्यांनी सोसली. हे प्रदूषण कमी व्हायलाच हवं. पण ते कमी करायला ज्याचा पंखा आधीच रात्री बंद असतो त्याच्याकडे बोट दाखवू नका.

९. दर ठरतात तिथे हजर राहावं.

वीज नियामक आयोग दर ठरवण्याआधी हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. पुण्याची ‘प्रयास’, मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्था आयोगापुढे ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून बोलतात, उद्योगांच्या संघटनांचे वकील येतात. सब-मीटरवाला तिथे कुणालाच दिसत नाही, कारण तो कागदोपत्री ग्राहकच नाही. हरकत मात्र कुणीही नोंदवू शकतो, आणि ती मराठीत चालते. एखाद्याच्या बिलाचा तंटा असेल तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. तोंडी काही बोलू नका, पोच घ्या.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी आता मावशींसारख्या वह्या ठेवायला सुरुवात केली आहे. पुढच्या सुनावणीत दोन मागण्या घालणार आहोत. एका मीटरवर जितकी घरं, तितक्या पटीने स्लॅबची मर्यादा धरा. आणि ३० युनिटांची अट पंख्यासह मोजून नव्याने ठरवा. घरं किती हे कोण तपासणार, असा प्रश्न समोरून येईल, म्हणून प्रत्येक वहीसोबत खोलीतल्या माणसांचं उज्ज्वलासारखं हमीपत्र जोडतोय. मसुदा लिहून झालाय. वह्यांच्या झेरॉक्स काढायच्या आहेत, आणि दोन मालक सही करतो म्हणालेत.